बेत

सोनोग्राफीवालीनं पडद्यावर बोट ठेवलं,
म्हणाली, हा एक. आणि हा बघा, दुसरा.
पार्किंगपर्यंत सुहृद काहीच बोलला नाही.
मग आमच्या जुन्या होंडाच्या मागच्या सीटकडे
नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं बघत म्हणाला,
"हिच्यात नाही मावायचे."

शाल्मलीची खुर्ची तिथे तीन वर्षं ठाण मांडून आहे.
खाली चुरमुऱ्यांचा थर, एक एकटा मोजा,
कुठल्याशा वाढदिवसाची चिकट चमकी.

सुहृद दिवसभर इंजिनं मोजतो,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत.
रात्री बसून त्यानं तक्ता केला:
खुर्चीची रुंदी गुणिले तीन,
वजा दाराचा फुगवटा.
कागदावर तिन्ही खुर्च्या बसल्या
शाळेच्या फोटोतल्या शहाण्या मुलांसारख्या.

मी मिरजेच्या शिंप्याची मुलगी,
माझा कागदावर विश्वास नाही.
अण्णांची पिवळी टेप पर्समध्ये असते माझ्या,
एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर,
सुरुवातीचा पाऊण इंच झिजून गेलेला,
तो मनातल्या मनात वजा करायचा.
अण्णा म्हणायचे, कापड कमी पडत नसतं गं,
बेतणाऱ्याचं डोकं कमी पडतं.

तर कोलंबस, इंडियाना. इंजिनांचं गाव. जानेवारी.
शनिवारमागून शनिवार
पाचव्या महिन्याचं पोट सावरत मी शिरते
अनोळखी गाड्यांच्या मागच्या दारातून,
गुडघे सीटवर, टेपचं टोक दातात.
सुहृद बाहेर बर्फात खुर्च्या घेऊन उभा,
लग्नात पंगतीची पानं घेऊन उभं राहावं तसा.

पहिलीत खुर्च्या बसल्या, दारं लागेनात.
दुसरीत दारं लागली,
पण पट्ट्याचं कुलूप दोन खुर्च्यांच्या फटीत असं गडप
की करंगळीसुद्धा पोचेना.
तिसरीत सगळं जमलं.
किंमत ऐकून उतरलो.

चौथ्या दुकानातला वेंडल सत्तरीचा,
कानात लोकर वाढलेला, गप्पिष्ट.
"आम्ही सात भावंडं," म्हणाला,
"बाप पिकअपच्या उघड्या हौद्यात घालून चर्चला न्यायचा.
कसले पट्टे अन् कसलं काय."
आता कुठे असतात सगळे? मी सहज विचारलं.
"सहाहीजण इथेच, आसपास."
आणि किल्ल्यांच्या जुडग्यात
तो बराच वेळ एक किल्ली शोधत राहिला.

बेत. बेतणं. जिवावर बेतणं.
एकाच ताग्यातून फाडलेले तुकडे.
मी टेप पुन्हा उलगडली,
जे मोजून झालं होतं तेही परत मोजलं.

घेतली शेवटी तीच,
जिला सुहृद गेली सहा वर्षं हसत आला:
सरकत्या दारांची, पोट सुटलेली व्हॅन.
(माझ्याकडे बघून या वेळी हसला नाही.)
तिन्ही कुलपं वाजली. टक्. टक्.
तिसरं जरा रुसून, पण वाजलं.
आणि खुर्च्यांच्या मधे, पाऊण इंच वजा करूनही,
दोन बोटं जागा उरली.
सुहृदच्या तक्त्यात तिला नाव नव्हतं.
अण्णा शिवणीच्या आत कापड राखून ठेवायचे,
अंगानं वाढलं पोर तर उसवून सोडायला.
त्याला ते माया म्हणायचे. सगळेच शिंपी म्हणतात.

साठ हप्ते. पहिला पंधरा तारखेला.

संध्याकाळी दारात उभ्या गाडीत
शाल्मली आपल्या खुर्चीत बसून बघते
शेजारच्या दोन रिकाम्या, पाठमोऱ्या खुर्च्या.
बाळं उलटी का बसणार?
लहान असतात, मान कच्ची असते.
"म्हणजे त्यांना दिसणारच नाही, आपण कुठे चाललोय?"
नाही.
ती विचार करते. बूट सीटवर आपटते.
नव्या गाडीवरचा पहिला डाग.
"बरं," म्हणते, "मी सांगत जाईन."